ऑगस्टमधला मठ्ठपणा

डबे उघडायचं काम हाम्पुस नॉर्लेनकडे असायचं. ऑगस्ट उतरणीला लागला की ग्रानविकेन गावच्या, बर्फावर खेळणाऱ्या हॉकी संघाची मंडळी बायकापोरांसह तळ्याकाठी जमायची. लांब टेबलावर बटाटे, कांदा, पातळ भाकरी आणि बिअर मांडलेली असायची आणि मधोमध आंबवलेल्या हेरिंगचे फुगलेले डबे. या माशाच्या वासाने परक्या माणसाला घेरी येते. इथली माणसंसुद्धा डबा उघडेपर्यंत चार हात लांब उभी राहतात आणि मग येऊन ताव मारतात. हाम्पुस मात्र डब्यावर वाकून दुधाचा पुडा कापावा तसा एकामागून एक डबा उघडत जायचा. रस उडून शर्टावर आला तरी मान वळवायचा नाही.

"याला नाक आहे की नुसतं भोक?" मेल्विन म्हणाला. मेल्विन आघाडीचा खेळाडू, देशाच्या दक्षिणेतून गेल्याच वर्षी आलेला, आणि तोंडाने पायापेक्षा वेगवान.

"उत्तरेचं नाक आहे ते," दुसरा कोणीतरी म्हणाला. "तुम्ही अत्तर लावून वाढलेली पोरं. तुम्हाला काय कळणार."

सगळे हसले. हाम्पुसही हसला, पण इतरांनी सुरुवात केल्यावर. अलीकडे तो हसण्याच्या वेळा दुसऱ्यांकडून घेत असे. गावात त्याच्या नाकाचं कौतुक होतं. हा गडी कशालाच डरत नाही, असं लोक एकमेकांना सांगायचे. खरी गोष्ट एवढीच होती की त्याला गेली कित्येक वर्षं कसलाच वास येत नव्हता. ही गोष्ट टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या हेडाला, म्हणजे त्याच्या बायकोला तेवढी ठाऊक होती, आणि ती हसत नव्हती.

हाम्पुस बचावपटू. सोळाव्या वर्षी घर सोडून हॉकीच्या शाळेत गेला. पुढे अमेरिकेतल्या एका बड्या संघाने त्याला निवडलं, तेव्हा इथल्या वर्तमानपत्राने त्याचा इतका मोठा फोटो छापला की कपाळावरच्या पुटकुळ्याही वाचकांना ओळखीच्या झाल्या. तिकडे गेल्यावर कळलं की निवडलेली पोरं पुष्कळ असतात आणि खऱ्या संघात जागा थोड्या. मग दोन हिवाळे दुय्यम संघात, बसमध्ये झोपून आणि पेट्रोल पंपावरची सँडविचेस खाऊन काढले. वरच्या संघात मोजके सामने मिळाले. एक गोलही झाला. खेळातली रबरी चकती त्याच्या नडगीला आपटून जाळ्यात गेली होती, पण गोल तो गोल. पुढे स्वित्झर्लंड, मग मायदेशी वरच्या लीगमध्ये बरीच वर्षं, एक विजेतेपद, आणि पाय जड झाल्यावर पुन्हा आपल्या गावच्या संघात, दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये. त्याचं कसब एकच होतं. चकती येईल तिथे अंग घालायचं आणि समोरून येईल त्याला कडेच्या फळ्यांवर आदळायचं. असल्या कामात टाळ्या कमी आणि टाके जास्त, तरी प्रत्येक संघाला असा एक माणूस लागतोच.

डोक्याला पहिला मोठा मार बसला तो अमेरिकेत. त्याची हकिगत सांगायची तर आधी ऑगस्टच्या चाचणीबद्दल सांगायला हवं. हंगाम सुरू होण्याआधी, डोकं ठणठणीत असताना, प्रत्येक खेळाडूला संगणकासमोर बसवतात. शब्द लक्षात ठेवायचे, रंग दिसला की बटण दाबायचं, आकडे उलटे म्हणायचे. पुढे हिवाळ्यात कोणाच्या डोक्याला मार बसला की त्याला पुन्हा तीच चाचणी. गुण ऑगस्टच्या जवळपास आले तर बर्फावर जायची परवानगी. घसरले तर घरी बसायचं. आणि एक घरी बसला की त्याच्या जागी दुसरा येतो, आणि आलेला दुसरा सहसा परत जात नाही.

त्या पहिल्या माराने हाम्पुस बरेच आठवडे घरी बसला. संघात डग नावाचा एक जुना कॅनेडियन होता. समोरचे दात नसलेला, प्रेमळ माणूस. तो सूप घेऊन भेटायला आला आणि म्हणाला, "पोरा, तू ऑगस्टमध्ये हुशारी दाखवलीस, तिथेच तुझं चुकलं. ऑगस्टमध्ये मठ्ठ व्हायचं असतं. मग जानेवारीत डोकं फुटलं तरी तू तेवढाच मठ्ठ निघतोस, आणि ते म्हणतात, जा, खेळ."

हाम्पुसने हे मनावर घेतलं. त्यानंतरच्या प्रत्येक ऑगस्टमध्ये तो अधूनमधून एखादा शब्द सोडून द्यायचा आणि बटण दाबण्याआधी एक श्वास घ्यायचा. यातही कसब होतं. फार मठ्ठपणा केला तर संगणक संशय घेतो आणि पुन्हा बसवतो. बेताचा ढ होणं जमावं लागतं, आणि ते हाम्पुसला फळीवर माणूस आदळण्याइतकंच छान जमलं. नंतरच्या हिवाळ्यांत मार बसत राहिले. उजेड सहन होईना म्हणून तो पडदे ओढून पडायचा, ओकायचा, आणि काही दिवसांनी जाऊन चाचणी द्यायचा. गुण जुळायचे. डॉक्टर पाठ थोपटायचे. वय वाढलं तसं तो ही विद्या मोठ्या मनाने पुढच्या पोरांना शिकवू लागला. मेल्विनला गेल्या ऑगस्टमध्ये त्यानेच शिकवलं होतं.

भाडेकरू एकेक करून घर सोडून जावेत तसं त्याच्या आतून काय काय निघून गेलं. आधी वास गेला. मग चव गेली, पण भूक राहिली, म्हणून ते फारसं जाणवलं नाही. राग जाईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं, कारण रागावरच त्याचं पोट होतं. तोही गेला आणि फक्त धडक देण्याची सवय मागे राहिली. या वसंतात त्याचा बाप रोलांड वारला. लहानपणी काळोखात उठून, गाडीचा बर्फ खरवडून त्याला सरावाला नेणारा बाप. चर्चमध्ये हाम्पुस शवपेटीजवळ उभा राहिला आणि खिडकीच्या चौकटीला रंग द्यायला झालाय, असं त्याच्या मनात आलं. बाकी काही आलं नाही. बाहेर लोक हात हातात घेऊन म्हणाले, "खंबीर आहेस. बापावर गेलायस." त्याने आभार मानले.

तळ्याकाठच्या जेवणानंतरच्या शनिवारी हेडाने विषय काढला. दोघं जंगलात बेरी खुडत होती. सात वर्षांची तुवा पुढे कुत्र्याशी बोलत चालली होती. हेडा कागदाच्या कारखान्यात पाणी तपासायची. शांत बाई, काही बोलायचं असलं की आधी हातातलं काम संपवणारी. तिने डबा भरला, झाकण लावलं आणि मग म्हणाली, "सोमवारी चाचणी आहे ना?"

"हो."

"या वेळी खरी दे."

हाम्पुस खाली वाकून खुडतच राहिला. "आता कशाला? वर्षाचा करार तोंडी ठरलाय. डॉक्टर उलरिकाने होकार दिला की सही."

"करार राहू दे. रोलांडच्या वेळी तू रडला नाहीस, त्याचं मला काही नाही. कोण रडतं, कोण नाही. पण परवा तुवा झोपाळ्यावरून पडली. तोंडातून रक्त आलं तिच्या. आणि तू अंगणात उभा राहून बघत होतास."

"मी उचललं तिला."

"मी आतून ओरडल्यावर."

हे खरं होतं. त्याने तिला पडताना पाहिलं होतं, रक्तही पाहिलं होतं. आता कोणीतरी धावायला हवं हेही त्याला कळलं होतं. तो कोणीतरी आपण, एवढंच सुचायचं राहिलं होतं.

"दमलोय मी, हेडा. बाकी काही नाही."

"दमलेला माणूस झोपला की ताजा होतो. तू घरात असतोस, जेवतोस, भांडी घासतोस, तुवाला गोष्ट वाचून दाखवतोस. संपली की तीच गोष्ट पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतोस. ती बिचारी काही बोलत नाही. तिला वाटतं बाबा गंमत करतोय."

त्याने डब्यात पडलेली पानं वेचून टाकली. मग म्हणाला, "खरी दिली तर गुण एकदम वर जातील. इतकी वर्षं मी मुद्दाम खाली ठेवलेत. उलरिकाला कळेल मी तिला फसवत होतो."

"कळू दे. दोन शिव्या देईल. गुण वर गेले म्हणजे तुझं डोकं शाबूत आहे. मग खेळ. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

"आणि नाही गेले तर?"

हेडाने त्याच्या हातातला अर्धा भरलेला डबा घेतला आणि तुवाला हाक मारली. गाडीपाशी पोचल्यावर तो म्हणाला, "बरं. खरी देतो." त्याला खात्री होती गुण वर जातील. आपलं डोकं थोडं सुस्तावलंय एवढंच, असं तो धरून चालला होता, आणि दुसरं काही धरून चालावं असं त्याला आतून कोणी सांगतही नव्हतं.

सोमवारी सकाळी स्टेडियमच्या फिजिओच्या खोलीबाहेर पोरं रांगेने बसली होती. थर्मासमध्ये कॉफी होती, ताटात वेलदोड्याचे बन होते.

"मेंदू गाडीतच ठेवून आलोय," मेल्विनने त्याच्या कानाशी येऊन सांगितलं. "काच जरा खाली केलीय. गुदमरायला नको."

"या वेळी नीट दे," हाम्पुस म्हणाला.

"काय?"

"चाचणी. नीट दे."

मेल्विनने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि खांद्यावर थाप मारली. "हो गुरुजी. तुमच्यासारखीच नीट." आणि तो शेजारच्याला हा विनोद सांगायला वळला.

हाम्पुसने आत जाऊन दार लावून घेतलं आणि तो संगणकासमोर बसला. शब्द येऊ लागले. वल्हं. लोहार. मेणबत्ती. शिडी. तो प्रत्येक शब्द ओठांत म्हणत होता, जाऊ देत नव्हता. रंग दिसला की त्याचा अंगठा बटणावर आपटत होता, श्वास घेण्याआधीच. आकडे उलटे म्हणताना त्याने मूठ आवळली होती. शेवटी पहिल्या शब्दांची पुन्हा उजळणी आली, तेव्हा त्याने डोळे मिटले आणि ते एकेक करून बोलावले. आले. एकदोन जरा अडखळून आले, पण आले. सगळं संपल्यावर त्याच्या मानेवर घाम होता. आज डोकं पळालं, असं त्याला वाटलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याला बरं वाटण्याच्या जवळपासचं काहीतरी वाटलं.

उलरिका संघाची डॉक्टर आणि अर्ध्या गावाचीही. हाम्पुसच्या हनुवटीचे सगळे टाके तिने घातलेले. चष्मा कपाळावर ठेवून ती दुसऱ्या टेबलाशी आलेले गुण बघत होती. हाम्पुस तिच्यासमोर जाऊन बसला.

"उलरिका, या वेळचे गुण वेगळे दिसतील," तो म्हणाला. घरून पाठ करून आलेलं वाक्य होतं. "त्याचं कारण मला तुला सांगायचंय. रागावू नकोस."

"वेगळे? थांब, बघते." तिने चष्मा डोळ्यांवर ओढला, काही बटणं दाबली आणि हसू लागली. मग पडदाच त्याच्याकडे फिरवला. "हे बघ. ही वरची ओळ गेल्या वर्षीची. ही त्याच्या आधीची. आणि ही आजची. कुठे आहे वेगळं? दर ऑगस्टला तोच बटाटा."

हाम्पुसने पडद्याकडे पाहिलं. तीन ओळी एकमेकींना चिकटून चालल्या होत्या.

"पुन्हा बघ," तो म्हणाला.

"काय बघू? तूच आहेस. शब्दांमध्ये किंचित खाली गेलायस, पण तेवढं वयाचं. खरं सांगू? बाकीची पोरं एक वर्ष वर, एक वर्ष खाली. मला त्यांची काळजी असते. तू आपला ढ तो ढ. तुझ्यासारखा भरवशाचा माणूस नाही." तिने सही केली. "झालं. आणखी एक हिवाळा घे अंगावर. काय सांगणार होतास?"

"काही नाही."

"मग रागावू कशाला?"

"काही नाही, उलरिका."

तिने बाहेरच्याला हाक मारली. मेल्विन डोळे चकणे करून आत आला.

बाहेर हाम्पुस थोडा वेळ भिंतीशी उभा राहिला. आता भीती येईल म्हणून त्याने वाट पाहिली. इतकी वर्षं तो जे सोंग आणत होता, ते आता सोंग राहिलं नव्हतं. हिवाळ्यांमागून हिवाळे गेले आणि मठ्ठपणा करणारा आणि मठ्ठ झालेला हे दोघं कुठेतरी रस्त्यात भेटले. कधी, ते त्याला माहीत नव्हतं. उलरिकाला माहीत नव्हतं. तसं कळायची जी एक वाट होती ती त्याने स्वतःच दर ऑगस्टला बुजवली होती. हे सगळं त्याला स्पष्ट समजत होतं. तळहात मात्र कोरडे होते आणि छातीत काही होत नव्हतं. हातात कोणीतरी बन दिला. त्याने तो खाल्ला.

हेडाने अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. ती गाडीत बसून होती. तो शेजारी येऊन बसला.

"कसं झालं?"

"नेहमीसारखंच."

तिने डोळे मिटून श्वास सोडला. "मग बरंच की. घसरले तर नाहीत ना."

"हेडा," तो म्हणाला, "मी आज मुद्दाम काही केलं नाही. सगळे शब्द धरून ठेवले. जमेल तेवढं जोर लावून केलं. मला वाटलं फार छान झालं."

तिला कळायला एक क्षण लागला. तो क्षण त्याला तिच्या तोंडावर दिसला. आधी तिचे हात स्टीअरिंगवर घट्ट झाले, मग सैल पडले. ती रडू लागली, आवाज न करता, हनुवटीपर्यंत पाणी येईतो. अशा वेळी पाठीवर हात ठेवायचा असतो हे त्याला आठवलं. त्याने ठेवला. तिची पाठ हलत होती. आपल्यावर काहीतरी वाईट कोसळलंय हे त्याला समजत होतं, पण शेजारच्या गावी कोणी वारल्याचं ऐकावं तेवढंच.

"उलरिकाला सांगितलंस?" तिने विचारलं.

"नाही. तिने सही केली."

"म्हणजे तू खेळू शकतोस."

"हो."

स्टेडियमच्या भिंतीमागून चकती फळीवर आदळल्याचा आवाज आला. मग आणखी एक. चाचणी उरकलेल्यांचा सराव सुरू झाला होता. हाम्पुसचा हात दाराच्या कडीकडे गेला. त्याने पाहिलं तेव्हा तो गेलेलाच होता.

"जायचंय तुला?" हेडा म्हणाली.

"अंगाला जायचंय. सवय आहे."

"आणि भीती? जरासुद्धा नाही वाटत?"

त्याने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून नीट शोधून पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "वाटायला हवी ना?"

"हवी."

"तुला वाटतेय?"

"जून महिन्यापासून मला धड झोप नाही, हाम्पुस. तू रात्री कूस बदललीस की मी बघते तू श्वास घेतोयस का."

"म्हणजे खूप."

"खूप."

त्याने मान डोलावली. घरात निदान एकाकडे तरी ती होती. त्याने कडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "मग तुझ्या भीतीने चालू या," तो म्हणाला. "माझी संपलीय. तू थांब म्हणालीस तर थांबतो."

"थांब," हेडा म्हणाली.

"बरं."

एवढ्यावर त्याची हॉकी संपली. बापाने पायात पहिले स्केट बांधले होते तेव्हापासूनची, बसमधली, फळ्यांवरची, वर्तमानपत्रातली सगळी. हेडाला वाटलं आता तरी तो रडेल. तो समोरच्या काचेवरची एक माशी बघत होता.

"उलरिकाला जाऊन सांगायला हवं," थोड्या वेळाने तो म्हणाला. "आणि मेल्विन आत्ता आत बसलाय. त्याला मीच शिकवलंय. आणखी दोघातिघांनाही शिकवलंय. कोणाकोणाला, ते मला आता आठवत नाही."

"मी येते बरोबर."

"चल. मी सांगताना मध्ये अडलो तर पुढचं तू सांग."

तिने डोळे पुसले आणि गाडी बंद केली. खेळाडूंच्या दाराने घरच्यांनी आत यायचं नाही, असा तिथला जुना रिवाज होता. हाम्पुसने ते दार उघडून धरलं आणि आधी तिला आत जाऊ दिलं.